मादाम आणि हळदीचा पहिला हात

बँकेतला पोरगा मला म्हणतो, "मॅडम, इथं सही करा." शाळेत शिकवत होते तेव्हा पोरं म्हणायची, आता भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो. म्हणू देत बापडे. पण माझ्या लेखी तो शब्द एकाच बाईचा होता, आणि ती त्याचा उच्चार 'मादाम' असा करायची. ती फ्रान्सची होती. आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या बेलाकडच्या गावात नर्स म्हणून आली होती. तिच्या त्या एका शब्दानं आमच्या घरात जे घडवलं ते सांगायचं, तर आधी माझ्या मायचं सांगावं लागेल.

मी लहान असताना माझा बाप तापानं गेला. राज्य तेव्हा निजामाचं. बापाच्या वाट्याची जमीन मायच्या नावावर लागली ती पटवाऱ्याच्या उर्दूत, 'मुसम्मात अमकी, बेवा तमका' अशी. मुसम्मात म्हणजे नुसतं बाईमाणूस, त्यात वाईट काही नाही. बेवा म्हणजे विधवा. पटवारी ते चावडीत सगळ्यांपुढं खड्या आवाजात वाचायचा. मायला उर्दूचं अक्षर येत नव्हतं, पण बेवा म्हटलं की तिची मान खाली जायची. पुढं निजामाचं राज्य गेलं, हैद्राबाद हिंदुस्थानात आलं, चावडीवर तिरंगा लागला. मोठ्या बाबांनी, म्हणजे बापाच्या थोरल्या भावानं, आपल्या पोराच्या लग्नाची पत्रिका वणीहून छापून आणली, आणि तिच्यात माय 'गं. भा.' झाली. गंगा भागीरथी! नाव गंगामाईचं अन् जागा गोठ्यात. ते गं. भा. तेव्हापासून माझ्या डोक्यात जातं. पुरुषाचं बघा. चिरंजीवाचा एकदा श्रीयुत झाला, की बायको जगो नाहीतर मरो, तो आपला मरेतो श्रीयुतच.

गोठ्यात हे मी रागाच्या भरात म्हणत नाही, खरंच गोठ्यात. घरात हळदीकुंकू असलं, डोहाळजेवण असलं, लग्नाची हळद असली, की माय गोठ्यात जाऊन बसायची. तिला कोणी ढकलायचं नाही. आपणच जायची आणि शेण काढायला घ्यायची, म्हणजे लपल्यासारखं दिसायला नको. घर मोठी मायच्या हातात होतं. मोठी माय म्हणजे मोठ्या बाबांची बायको, मायची जाऊ. ती वाईट नव्हती हो. आम्हा दोघी बहिणींना तिनं कधी उपाशी ठेवलं नाही, की मायवर हात उगारला नाही. पण रीत म्हणजे रीत. कपाळभर कुंकू लावून ती ओसरीवर बसली की आम्ही सगळे सुतासारखे सरळ.

पैनगंगेच्या काठाला निजामाचा करोडगिरी नाका होता. नदीपलीकडं इंग्रजांचा मुलूख, म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर तिथं जकात घ्यायचे. देश एक झाला, जकात गेली, नाका ओस पडला. त्याच्याच दोन खोल्यांत एका मिशनानं दवाखाना काढला, आणि बैलांच्या दमणीत बसून ही बाई आली. उंच, हाडापेरानं दणकट, केस करडे, अंगात लांब बाह्यांचा पांढरा झगा, पायात कॅनव्हासचे बूट. दमणी थांबायच्या आधीच तिनं खाली उडी मारली, म्हणून पोरं हसली. पहिल्याच वर्षी मोठी मायच्या लेकीचं बाळंतपण अडलं. मूल आडवं आलं होतं, सुईणीनं हात टेकले होते. या बाईनं माय-लेकरू दोघांना सोडवलं. तेव्हापासून गाव तिचं झालं.

दवाखान्यात पाणी उकळायला, कपडे धुवायला बाईमाणूस हवं होतं. माय जाऊ लागली. विधवेनं घराबाहेर कामाला जावं हे मोठ्या बाबांना पटलं नव्हतं, पण नातू मांडीवर खेळत होता, त्यामुळं तोंड उघडता येईना.

लोक तिला आधी सिस्टर म्हणायचे. आदिलाबादेकडच्या मिशनात नर्सांना तसंच म्हणतात असं कोणीतरी सांगितलं होतं. ती दर वेळी मान हलवायची. एक दिवस दवाखान्याच्या ओसरीवर दहाबारा बायका पोरं घेऊन बसल्या होत्या, तेव्हा तिनं आपल्या मोडक्या हिंदीत सगळ्यांना समजावून सांगितलं. "सिस्टर नहीं. मैं नन नहीं. हमारे देश में शादी नहीं हुआ, तो मादमुआझेल. शादी हुआ, तो मादाम. मैं मादाम." आणि बोटातली बारीक सोन्याची अंगठी वर करून दाखवली. "शादी का."

बायकांची हसून पुरेवाट झाली. मादमुआझेल कोणाच्याच तोंडात बसेना. कोणी म्हणे मादमाजेल, कोणी म्हणे मादीमोजल. तीही हसली. मग म्हणाली, तिची थोरली बहीण शाळेत शिकवते, केस पांढरे झाले, पण लग्न केलं नाही, म्हणून अजून मादमुआझेल. पाववाला भरदुकानात पोरीबाळीसारखी तशी हाक मारतो आणि बहिणीला भयंकर राग येतो. मला ते ऐकून बरं वाटलं. म्हणजे तिकडंही सगळं गोडच होतं असं नाही. लग्न झालं की नाही हे भरबाजारात सांगायची सक्ती तिकडच्या बाईवरही होतीच. तिथल्या सरकारनं अलीकडं कागदोपत्री मादमुआझेल लिहिणं बंद केलं, असं मी वाचलं. उशीर केला, पण बरं केलं.

आमचे मास्तर तिथं खोकल्याचं औषध घ्यायला आले होते. त्यांना फ्रेंच येत होती तेवढी आमच्या बैलालाही येत होती. पण मास्तरच ते, गप्प कसे बसणार? म्हणाले, "अरे, सोपं आहे. मादमुआझेल म्हणजे आपली कुमारी. मादाम म्हणजे सौभाग्यवती."

झालं! मास्तर बोलले म्हणजे ब्रह्मवाक्य. मादाम म्हणजे सवाशीण, हे गावात ठरून गेलं. नवरा दिसत नव्हता, पण त्याचं काय एवढं? आमच्याकडचे कितीतरी बाप्ये मंचेरियलला कोळशाच्या खाणीवर होते आणि त्यांच्या बायका इकडं शेती बघत होत्या. हिचाही असेल तिकडं. तो आहे की नाही, असं तिला कोणी विचारलं नाही. आमच्यात ते विचारावंच लागत नाही. बाईचं कपाळ, गळा आणि हात बघितले की सगळं कळतं. हिच्या कपाळावर काही नव्हतं, पण साहेबाच्या जातीत कुंकू नसतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अंगठी होती, म्हणजे तेच तिचं मंगळसूत्र. त्या संक्रांतीला मोठी मायनं तिला पाटावर बसवून हळदीकुंकू लावलं, वाण दिलं. मादामनं लहान पोरीसारखं कपाळ पुढं केलं आणि तो टिळा दिवसभर मिरवला. तिला वाटलं, गावानं प्रेमानं केलं. प्रेमानंच केलं होतं म्हणा.

आणि ती मात्र प्रत्येक मोठ्या बाईला मादाम म्हणायची. माझ्या मायलासुद्धा. "मादाम, गरम पानी." "मादाम, लालटेन." काम उरकलं की "मेर्सी, मादाम", म्हणजे उपकार झाले बाई. माय लाजून पदर तोंडावर घ्यायची. एकदा मोठी मायनं ते ऐकलं आणि तिला राहवलं नाही.

"तिले काऊन मादाम म्हणता? तिचा धनी वारला ना," ती म्हणाली, आणि मास्तरांना ते हिंदीत सांगायला लावलं.

मादामनं ऐकून घेतलं. मायकडं बघितलं. "मालूम है," ती म्हणाली. "मादाम." आणि पुन्हा कामाला लागली.

"तिले आपल्या रीती समजत नाई," मोठी माय म्हणाली, आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मायनं घरी आल्यावर मला विचारलं, "तिले खरंच समजलं नसंन का वं?" तिच्या आवाजात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही. तिला वाटत होतं, तसंच राहू दे, कोणी समजावू नये.

माझं लग्न वांकिडीकडच्या घरात ठरलं. चांगलं खातंपितं, कापसाचं शेत असलेलं घर. त्याच सुमारास राज्यं भाषेवरून वाटायची बोलणी जोरात होती. आपण कुठं जाणार, आंध्रात की मुंबई राज्यात, यावर पुरुष पारावर भांडायचे. नदीपल्याडचे आमचे सोयरे म्हणायचे, आता लग्नाला यायचं तर परमुलखात यावं लागणार. माय यात कुठंच नव्हती. तिला एकच घोर होता. आमच्याकडं उखळात पाच सवाशिणी हळद कुटतात, मुसळाला आंब्याची डहाळी बांधलेली असते, आणि नवरीच्या गालाला हळदीचा पहिला हात लागतो तो आईचा. जिला आई नाही, किंवा जिची आई माझ्या मायसारखी, तिला दुसऱ्या कोणा सवाशिणीचा. तो हात मोठी मायचा लागणार हे धरूनच चाललं होतं.

मायनं त्या घरात कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मोठी मायच्या पायाशी बसून तिनं मागितलं. "बाई, पयला हात मादामचा लागू द्या. तुमचा दुसरा."

मोठी माय तिच्याकडं बघत राहिली. "माहा काऊन नाई?"

"तुमचा हाये तो हाये. पण थे मले..." माय अडखळली. "थे मले माणूस म्हणते."

मोठी मायला ते लागलं असणार. पण नातवाची आठवण होती, आणि गोऱ्या बाईचा हात लागला असं पंचक्रोशीत सांगायचीही हौस होती. ती हो म्हणाली.

हळदीच्या दिवशी मादाम आली. मायनंच तिला गोठ्याच्या आडोशाला हिरवं लुगडं नेसवून दिलं. कासारानं तिच्या रुंद मनगटात हिरव्या बांगड्या चढवताना एक बांगडी वाढली, फुटली म्हणू नये, तेव्हा बायकांनी एकमेकींकडं बघितलं आणि मग कोणीतरी हसून वेळ मारून नेली. तिनं मुसळ धरलं, चार घाव घातले, आणि ओल्या हळदीची बोटं माझ्या दोन्ही गालांवर ठेवली. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. "मादाम कहाँ?" तिनं विचारलं. "तेरी माँ?"

ती गोठ्याच्या दिशेला बघून मोठ्यानं हाक मारू लागली, "मादाम! आओ!" हळदीची वाटी उचलून ती निघालीच होती. मोठी मायनं तिचं मनगट धरलं आणि मान हलवली. नाही. मादामनं मोठी मायकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी तोंड खाली घातलं. पाहुणी माणूस, तिनं वाटी खाली ठेवली. गोठ्याच्या दारात मायचं पाऊल दिसत होतं, नुसतं पाऊल. तेवढंच बघून मी बोहल्यावर चढले. मला त्या दिवशी रडू आलं ते सासरी जायचं म्हणून, असं सगळ्यांनी धरलं. धरू दे. मी संतापानं रडत होते.

पहिलटकरीण म्हणून मी माहेरी आले तेव्हा राज्यं वाटून झाली होती. आम्ही आंध्रात गेलो होतो. एका दुपारी मादाम माझं पोट तपासत होती आणि माय पातेल्यात पाणी ओतत होती. मी सहज विचारलं, तुमचा मालक कधी इकडं येत नाही का?

"मेरा आदमी?" मादाम म्हणाली. "वो तो मर गया. लड़ाई में. बहुत साल हुआ."

माझ्या पोटावरचा तिचा हात तसाच होता. मायचं ओतणं थांबलं. तेवढं हिंदी तिला कळत होतं.

"मंग तुमाले मादाम काऊन म्हणते?" मायनं विचारलं. मी ते हिंदीत सांगितलं.

मादामला प्रश्नच समजेना. "शादी हुआ, तो मादाम. आदमी मर गया, तो भी मादाम. वापस कौन लेगा?" आणि मग ती थांबली. कितीतरी वर्षं आमच्यात राहिलेली बाई, तिनं आम्हा दोघींच्या तोंडाकडं बघितलं आणि तिला हळूहळू उमजत गेलं. "यहाँ वापस लेते हैं?"

मी हो म्हटलं. कुंकू, बांगड्या, हळद, नाव, सगळं परत घेतात, म्हटलं. आणि खोटं कशाला सांगू, मी भ्याले. शिकलेली मी, सातवी पास, गं. भा.च्या नावानं बोटं मोडणारी, पण माझा हात आपोआप पोटावर गेला. माझ्या हळदीला पहिला हात विधवेचा लागला होता.

मादामला हळदीची आठवण झाली. तिचा चेहरा लाल झाला. ती पुन्हा पुन्हा विचारू लागली, मी चूक केली का, तुझ्या पोरीचं काही वाईट केलं का, मी गावाला सांगते, माफी मागते. मायनं तिचे दोन्ही हात धरले. मायला मी असं कोणाचे हात धरताना कधी पाहिलं नव्हतं.

"कोणाले सांगू नका," माय म्हणाली. "बाया येनं बंद करतीन. मंग त्यायले कोन सोडवनार?"

माझी लेक त्याच दवाखान्यात झाली, ठणठणीत. मादामनं नाळ कापली, मायनं न्हाऊ घातलं. माय काही बोलत नव्हती, पण माझ्याकडं आणि लेकीकडं अशी बघायची, जशी बाजारातून घेतलेलं भांडं बाई उन्हात धरून बघते, कुठं चीर आहे का. चीर नव्हती. माझा नवरा येऊन लेक बघून गेला, कापूस चांगला झाला होता, सगळं नीट होतं. एक दिवस माय शेण काढता काढता एकदम ताठ उभी राहिली. "म्हंजे तुले रांडाव बाईचा हात लागला," ती म्हणाली, "अन् काई नाई झालं. मंग माह्याच हाताले काय इख होतं?" इख म्हणजे विष. माय रागावलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. हातातलं खोरं तिनं भिंतीवर फेकून मारलं.

तरी मादाम गावात होती तोवर माय चूप राहिली. पुढं मिशनानं नाक्यावरचा दवाखाना बंद केला आणि मादामला मंचेरियलकडं पाठवलं. नवीन तहसीलीत तेलुगू कारकून आले होते, ते सगळ्या बायकांना सरसकट अम्मा म्हणायचे, तहसीलदाराच्या बायकोला तेच आणि शेणवालीला तेच. मायला ते फार आवडलं. मादाम निघाली तेव्हा गावच्या सवाशिणींनी तिची ओटी भरली. नारळ हातात घेताना तिनं गर्दीच्या मागं उभ्या असलेल्या मायकडं पाहिलं, जणू परवानगी विचारत होती. मायनं डोळ्यांनीच घ्या म्हटलं. ती पुन्हा कधी भेटली नाही.

मग मोठे बाबा गेले. आणि मोठी माय, जिच्या कपाळाकडं बघून आम्ही सरळ व्हायचो, ती मायच्या शेजारी गोठ्यात येऊन बसली. तिला कोणी पाठवलं नाही. रीत तिला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होती. ओसरीवर आता तिची सून, आमची वहिनी, बसू लागली. मला वाटलं होतं मला बरं वाटेल. नाही वाटलं. मोठी माय गोठ्यात रिकामी बसायची. तिला शेण काढल्याचं सोंग करायचंही सुचायचं नाही.

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा मायनं मला बोलावून घेतलं. "धाकटीले मी हळद लावनार," ती म्हणाली. "मले मादामचं सांगा लागंन. तुही सासू तिथं राहीन. तुले जाच होईन. नाई म्हण, मी नाई लावत."

माझी सासू कशी होती ते मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "सांग."

हळदीच्या दिवशी उखळाभोवती पाच जणी बसल्या होत्या. मी लेकीला कडेवर घेऊन उभी होते, सासू माझ्या शेजारी. माय गोठ्यातून निघाली. मोठी मायनं आतून तिचा पदर धरला. "नोको वं. पोरीचं वाटोळं होईन." ती माउली खरंच भीत होती. मायनं पदर सोडवून घेतला आणि मांडवात आली. रिकामं कपाळ, रिकामे हात.

वहिनी उठली. "काकू, आत जा. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे," माय म्हणाली. "थोरलीले पयला हात कोनाचा लागला होता?"

"मादामचा."

"मादामचा धनी लढाईत मेला होता. थे इथं यायच्या आधी. तुमी सवाशीण म्हून जिले लुगडं नेसवलं, थे माह्यासारखीच होती. हे पाहा थोरली, उभी हाये तुमच्यापुढी. तिचं काय वाटोळं झालं थे सांगा."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "हो. खरं हाये. मले मालूम होतं."

सासूनं माझ्या कडेवरची लेक ओढून घेतली, जणू मी तिला चटका देणार होते. त्या दिवसानंतर माझ्या नवऱ्याला साधं पडसं झालं तरी ती माझ्याकडं बघायची. बैल लंगडला, माझ्यामुळं. बोंडअळी पडली, माझ्यामुळं. मरेपर्यंत बघत होती. मायनं सांगितलं होतं, जाच होईल. झाला.

पाचांतल्या दोघी उठून गेल्या. मांडवात कुजबुज, मुलाकडच्या बायकांची तोंडं वाकडी. मायनं कोणाकडं बघितलं नाही. ती धाकटीपुढं बसली, वाटीत बोटं बुडवली आणि थांबली. तिला हळद हातात घ्यायची सवयच राहिली नव्हती. मग तिनं दोन्ही हात धाकटीच्या गालांवर ठेवले आणि ठेवूनच बसली. उचलेना.

धाकटीचा नवरा पुढं किती जगला, तिचा संसार सुखाचा झाला की दुःखाचा, हे मला विचारू नका. मी सांगणार नाही. लोक लगेच त्यावरून हाताचं माप काढतात. कोणाचा नवरा हळदीनं जगत नाही आणि हळदीनं मरत नाही.

वहिनी फार समजूतदार. तिनं भांडण केलं नाही. माय बाजूला होईपर्यंत वाट बघितली, मग ओलं फडकं घेऊन आली. हळू आवाजात म्हणाली, पुसून टाकू, मुलाकडच्या सवाशिणी नव्यानं लावतील, कोणाचा अपमान नको, लग्न मोडायला नको. मायनं आपलं केलं होतं. आता तिची मान पुन्हा खाली गेली होती, आणि तिला उठून गोठ्याकडं जायचंही बळ नव्हतं.

माझी धाकटी बहीण मुलखाची मुकी. मोठ्या बाबांसमोर तिनं कधी वर डोळा केला नाही, ठरलेला नवरा काळा की गोरा हेही विचारलं नाही. जायचं तर तिचंच सगळं जाणार होतं, मायचं काय उरलं होतं? वहिनीचा हात गालाजवळ आला तेव्हा तिनं तो धरला.

"पुसू नका," ती म्हणाली. "मायचा हाये."

वहिनी फडकं घेऊन तशीच उभी राहिली. धाकटीनं दुसऱ्या हातानं हळदीची वाटी उचलली, मांडवातून चालत गोठ्याच्या दारात गेली, आणि मोठी मायसमोर गाल पुढं करून बसली.